पार्सल हरवलं की भुर्दंड कोणाला?

परदेशात पार्सल पाठवणाऱ्या कोणालाही विचारा, हरवलं तर जबाबदार कोण, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं मी पैसे दिले, वस्तू मिळाली नाही, विषय संपला. विकणारा म्हणतो मी वेळेत कुरिअरकडे दिलं, ही घ्या पावती. कुरिअरवाला म्हणतो पावतीच्या मागे वाचा. आणि कस्टमवाला काहीच म्हणत नाही, कारण तिथे फोनच कोणी उचलत नाही.

मी डोंबिवलीतून खणाच्या पिशव्या, परकर-पोलकी, तोरणं, आणि ऑर्डर आली तर येवल्याची पैठणी असं सगळं बाहेर पाठवते. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच, न्यू जर्सी, लंडन, फ्रँकफर्ट, सिडनी इकडची मराठी मंडळी. दर वर्षी गणपती ते दिवाळी या काळात हा विषय निघतोच आणि प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर वेगळं टाइप करून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कायद्यात काहीही असो, हरवलेल्या पार्सलचा भुर्दंड शेवटी त्यालाच पडतो ज्याच्याकडून पैसे काढून घेणं सगळ्यात सोपं असतं, आणि तो बहुतेक वेळा माझ्यासारखा छोटा विकणारा असतो. मला ते फार चुकीचं वाटतं असंही नाही. फक्त ते आधी माहिती पाहिजे आणि किमतीत धरलेलं पाहिजे.

आता कायदा. आपल्याकडचा सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९३० चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्याचं ३९ वं कलम म्हणतं की ठरल्याप्रमाणे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो प्रथमदर्शनी गिऱ्हाइकालाच दिल्यासारखा आहे. म्हणजे पोस्टाच्या खिडकीतून पार्सल आत सरकवलं, पावती घेतली, की आपण सुटलो. ऐकायला काय मस्त वाटतं! पण त्याच कलमात पुढे आहे की वाहतुकीचा करार विकणाऱ्याने मालाचा प्रकार बघून नीट केलेला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक सरळ म्हणू शकतं की ही डिलिव्हरी मी मानत नाही. त्यामुळे चाळीस हजारांची पैठणी ट्रॅकिंग नसलेल्या साध्या पाकिटात पाठवायची आणि वर कायदा दाखवायचा हे चालत नाही.

मोठे एक्स्पोर्टवाले या भानगडीत पडतच नाहीत, त्यांचं सगळं इन्कोटर्म्सवर चालतं, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ पासून ठरवून दिलेल्या अटी. एफओबी म्हणजे माल बोटीवर चढला की पुढची जोखीम घेणाऱ्याची. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणारा भरतो पण जोखीम तरीही बोटीवर चढल्याबरोबर घेणाऱ्याकडे जाते, हे नवीन माणसाला सांगितलं की त्याचा विश्वासच बसत नाही. डीडीपी म्हणजे ड्युटी भरून थेट दारात, सगळं विकणाऱ्याच्या डोक्यावर. पण खणाच्या दोन पिशव्यांसाठी एफओबी की डीडीपी असं बसून कोण ठरवणार, आमची ऑर्डर म्हणजे "ताई निळी आहे का, पाठवा" एवढीच असते.

युरोपात सगळं उलटं आहे. तिथला २०११ चा ग्राहक हक्कांचा निर्देश, कलम २०, स्पष्ट सांगतो की वस्तू प्रत्यक्ष ग्राहकाच्या किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या हातात पडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याचीच. ब्रिटनच्या २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टच्या २९ व्या कलमातही तेच. एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: कुरिअर ग्राहकाने स्वतः ठरवला, विकणाऱ्याने सुचवलेल्या पर्यायांत तो नव्हताच, तर त्या कुरिअरकडे पार्सल दिल्या क्षणी जोखीम ग्राहकाची. म्हणजे "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, तो स्वस्तात नेतो, त्याच्याकडे द्या" असं म्हणणारी मंडळी असतात ना, त्यांच्यासाठी.

तुम्ही म्हणाल डोंबिवलीत येऊन जर्मनीचा कायदा कोण लावणार. बरोबर आहे, कोणी येत नाही. यायची गरजच पडत नाही हो, त्यांच्याकडे कार्ड असतं. अमेरिकेत १९७४ पासून फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आहे, ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही तर तो बिलातला घोळ धरला जातो आणि ग्राहक बँकेकडे तक्रार करू शकतो, मग बँक चार्जबॅक टाकते आणि आपल्या खात्यातून पैसे परस्पर वळते होतात, भांडायचं ते नंतर. पेपॅल या ऑनलाइन पैसे द्यायच्या सोयीवर तर पैसे दिल्यापासून १८० दिवस डिस्प्यूट टाकता येतो. विकणाऱ्याने जिंकायचं असेल तर पत्त्यावर डिलिव्हरी झाल्याचा ऑनलाइन पुरावा लागतो, ७५० डॉलर किंवा त्याच्या वरची ऑर्डर असेल तर घेणाऱ्याची सहीसुद्धा. आणि पार्सल हरवलंय म्हणजेच तो पुरावा नाहीये, त्यामुळे जिंकायचा प्रश्नच येत नाही. १९३० चा कायदा तिथे कोणी विचारत नाही, विचारणारा माणूसच नसतो, एक फॉर्म असतो आणि त्यात अपलोडचं बटण.

म्हणजे गिऱ्हाइकाला मी पैसे परत देणार हे ठरलेलंच आहे. पुढचा प्रश्न, मला कोण देणार? इथे खरी मजा आहे.

विमानाने जाणाऱ्या मालाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. हा करार नुकसानभरपाई मालाच्या किमतीवर नाही, वजनावर मोजतो. किलोमागे जास्तीत जास्त २६ एसडीआर, म्हणजे आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) ते हिशोबाचं चलन, एक एसडीआर आपल्या साधारण सव्वाशे रुपयांच्या अलीकडे-पलीकडे धरा. आधी हा आकडा १७ होता, मग १९, मग २२, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून २६. आता पैठणी घ्या. डब्यासकट किलोच्या आसपास भरते. विणायला महिना-महिना लागतो, नारळी काठ, मोरांचा पदर, चाळीस हजार किंमत, आणि ती हरवली तर कराराच्या हिशोबाने तिचे होतात तीन-सव्वातीन हजार रुपये. रद्दीवाला जसा पुस्तकात काय लिहिलंय ते न बघता तराजूत टाकतो तसंच आहे हे. उलट दहा किलो चकल्या हरवल्या तर मर्यादा तीस हजारांच्या वर जाते, अर्थात चकल्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त कोणी देणार नाही, पण मर्यादा तरी आडवी येत नाही.

यातून बाहेर पडायची वाट त्याच करारात आहे. पार्सल देतानाच खरी किंमत खास जाहीर करायची आणि त्याचे जादा पैसे भरायचे, मग किलोची मर्यादा सुटते आणि जाहीर केलेल्या रकमेपर्यंत मागता येतं. किंवा वेगळा ट्रान्झिट विमा काढायचा. पण काउंटरवरचा पोऱ्या हे आपणहून कधीच सांगत नाही, आणि आपणही घाईत असतो.

"पण असं एका ओळीत छापून कसं काय चालतं, कोर्टात जाऊ की" असं म्हणणाऱ्यांसाठी १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल. कपडे निर्यात करणारी कंपनी, जर्मनीच्या गिऱ्हाइकाला कागदपत्रं कुरिअरने पाठवली, ती पोहोचलीच नाहीत, माल सोडवायला उशीर झाला, सीझन गेला आणि गिऱ्हाइकाने पैसे कमी दिले. राज्य ग्राहक आयोगाने सव्वाचार लाखांच्या वर भरपाई दिली होती, राष्ट्रीय आयोगाने ती १०० डॉलरवर आणली, कारण कन्साइनमेंट नोटवर, म्हणजे कुरिअरच्या पावतीवर, तेवढीच मर्यादा छापलेली होती आणि खाली पाठवणाऱ्याची सही होती. सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. सही केलीत म्हणजे मान्य केलंत. सही घेतलीच नव्हती किंवा अटी दाखवल्याच नव्हत्या अशा प्रकरणांत ग्राहक आयोगांनी पुढे कुरिअरवाल्यांच्या विरोधातही निकाल दिलेत, त्यामुळे अगदीच आशा सोडायची गरज नाही, पण ती वर्षानुवर्षांची लढाई आहे आणि तोपर्यंत माझं गिऱ्हाईक काय थांबणारे का?

हे झालं थेट मोठ्या कंपनीकडे दिलं तर. पण खरं सांगा, किती जण थेट देतात? आपल्याकडे प्रत्येक स्टेशनबाहेर एक दुकान असतं, "यूएसए यूके कॅनडा ऑस्ट्रेलिया, फराळ व औषधे, घरपोच पिकअप", झेरॉक्स आणि लॅमिनेशनही तिथेच. त्या एजंटकडे दोन-चार मोठ्या कंपन्यांची खाती असतात, जास्त माल देतो म्हणून त्याला दर कमी पडतो आणि आपल्याला थेट काउंटरपेक्षा बरंच स्वस्त मिळतं. इथपर्यंत ठीक. पण यात करार कोणाचा कोणाशी झाला ते बघा. माझा एजंटशी, एजंटचा मोठ्या कंपनीशी. पार्सल हरवलं आणि मी मोठ्या कंपनीला फोन केला तर ते गोड आवाजात सांगतात की मॅडम, आमच्या रेकॉर्डला शिपर, म्हणजे पाठवणारे, तुम्ही नाही, तुमच्या वेंडरला बोलायला सांगा.

माझ्या दोन पैठण्या अशाच गेल्या, कॅलिफोर्नियाला एका लग्नासाठी. एजंटचं नाव घेत नाही, दुकान अजून चालू आहे आणि माणूस तसा वाईट नाही. पावती म्हणजे कार्बनवाली गुलाबी अर्धी शीट. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, वजन, रक्कम, आणि "डिक्लेअर्ड व्हॅल्यू"चा चौकोन, तो रिकामा. माझ्या नाही, त्याच्याकडच्या सगळ्याच पावत्यांवर तो रिकामा असतो, मी नंतर समोरच्या गठ्ठ्यात बघितलं. मागच्या बाजूला फिकट राखाडी अक्षरात अटी, मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचाव्या लागतात अशा, त्यात जबाबदारी जास्तीत जास्त घेतलेल्या भाड्याएवढी. ट्रॅकिंगवर पार्सल मुंबईहून निघालं, मध्ये एका देशात उतरलं आणि तिथेच बसलं. रोज तेच वाक्य. एजंट म्हणे "ताई ट्रेस लावलाय", आठवड्याने विचारलं तर परत "ट्रेस लावलाय". शेवटी भाडं परत मिळालं, तेही पुढच्या पार्सलमध्ये वळतं करून. मुलीच्या आईला मी पूर्ण पैसे परत दिले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या अर्धे ठेवा, पण त्यांचा काय संबंध, एजंट मी निवडला होता.

(याच कारणासाठी मला ते "वन्स शिप्ड, नॉट अवर रिस्पॉन्सिबिलिटी" असं इन्स्टावर लिहिणारे लोक पटत नाहीत. दर तू ठरवणार, कुरिअर तू निवडणार, चार पैसे तू वाचवणार आणि हरवलं की ते तिचं?)

पोस्टाचं वेगळं आहे. माँट्रियल करार टपालाला लागू नाही, तिथे युनिव्हर्सल पोस्टल युनियनचे नियम, ही संस्था १८७४ ची आणि भारत १८७६ पासून तिच्यात. तिथली भरपाईची मर्यादा रजिस्टर्ड वस्तूला ३० एसडीआर, पार्सलला ४० एसडीआर अधिक किलोमागे साडेचार. म्हणजे किलोभर पार्सलला साडेपाच हजारांच्या आसपास, हलक्या आणि मध्यम किमतीच्या वस्तूंना हे कुरिअरपेक्षा बरं पडतं, खणाच्या पिशव्या मी अजूनही बहुतेक पोस्टानेच पाठवते. देशातल्या कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. १८९८ चा जुना पोस्ट ऑफिस ॲक्ट म्हणायचा की हरवलं, उशीर झाला, तर सरकार जबाबदार नाही. १८ जून २०२४ पासून नवीन कायदा आला, २०२३ चा, त्यातही तोच सूर आहे, नियमांत जेवढी ठरवून दिली तेवढीच जबाबदारी.

पोस्टाच्या नियमातली मला आवडणारी गोष्ट अशी की दोन देशांच्या पोस्टांनी एकमेकांवर ढकलायचं कसं हे आधीच ठरलेलं आहे. ज्या पोस्टाने पार्सल कुरकुर न करता ताब्यात घेतलं आणि आता ज्याला ते घरी पोहोचवल्याचं किंवा पुढच्या पोस्टाला रीतसर दिल्याचं दाखवता येत नाही, ते जबाबदार. म्हणून ट्रॅकिंगवरच्या त्या कंटाळवाण्या ओळी नीट बघायच्या. मुंबईहून डिस्पॅच दिसतंय आणि न्यूयॉर्कला रिसीव्ह दिसत नाहीये, की दिसतंय आणि कस्टमला दिलं असं दाखवून तिथे अडकलंय, यावर सगळं अवलंबून. आणि नंबर बघा: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन. त्या नऊतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, चुकीचा टाकला की कळतं. एजंट "पोस्टाने टाकलंय" म्हणाला आणि नंबर या साच्यातला नसेल तर ते पोस्टाने गेलेलं नाही, एवढं साधं आहे.

तक्रारीची मुदत पोस्ट केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने. आणि भरपाईचा हक्क मुळात पाठवणाऱ्याचा, त्याने लिहून सोडला तरच घेणाऱ्याला मिळतो. हे तिकडे बसलेल्या लोकांना माहितीच नसतं, ते तिथल्या पोस्टात खेपा घालत बसतात. तुमच्याकडे पावती नाही, पावती आईकडे आहे, ती फ्रीजवर मॅग्नेटखाली लावलेली असेल किंवा टाकून दिलेली असेल. सगळ्यात आधी आईला फोन करा.

नैसर्गिक आपत्ती वगैरे असेल तर पोस्ट सुटतं, कस्टमने जप्त केलं तरी सुटतं. हरवलेलं कधीच सापडत नाही असं मात्र नाही. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं कांचनजंगा विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं, होमी भाभा त्यातच गेले, तर त्या विमानातली परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी २०१२ मध्ये हिमनदीतून वर आली, आत वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरं. दुसऱ्या वर्षी एका गिर्यारोहकाला तिथेच पाचू-नीलमांची पेटी सापडली, तीही त्याच विमानातली असावी असं मानतात, मूळ मालक काही सापडला नाही आणि २०२१ मध्ये ते खडे त्याने आणि तिथल्या शामोनी गावाने निम्मे निम्मे वाटून घेतले. तक्रारीची मुदत सहा महिने आणि सापडायला शेहेचाळीस वर्षं, असो.

कस्टमवरून आठवलं. "ताई गिफ्ट लिहा ना, वीस डॉलर लिहा" हा आग्रह प्रत्येक ऑर्डरला होतो. मी नाही लिहीत. एक तर ते खोटं आहे, विकलेली वस्तू गिफ्ट कशी होईल, आणि दुसरं म्हणजे हरवलं तर क्लेम त्याच वीस डॉलरवर होतो. कस्टमच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने वीस लिहायचं आणि मग पाचशे मागायचे असं नाही होत. ड्युटी वाचवण्याच्या नादात विमाच संपतो, आणि हे ज्यांनी आग्रह केला तेच नंतर पूर्ण रिफंड मागतात! त्याच फॉर्मवर एक छोटा चौकोन असतो, पार्सल पोहोचलं नाही तर काय करायचं, परत पाठवायचं की सोडून द्यायचं. तिथे काउंटरवाला विचारतो तेव्हा नीट ऐका. परत येण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी बसू शकतो, पण सोडून दिलं तर वस्तूवर पाणीच.

फराळाचं तर काय सांगू. युरोपात दुधाचे पदार्थ घरगुती पार्सलमधून बाहेरून चालत नाहीत, खव्याचे पेढे गेले तर ते कस्टममध्येच राहणार आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. चकलीचा चुरा झाला तर? त्यालाही १९३० च्या कायद्यात कलम आहे, ४० वं: प्रवासात माल जो अपरिहार्यपणे खराब होतो त्याची जोखीम, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, घेणाऱ्याची. त्या काळी ज्याने हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर चकली नक्कीच नसणार, पण लागू होतं. अनारसे मात्र पाठवूच नका.

आणि २०२५ ची दिवाळी. तेव्हा काय हरवलं, काय अडकलं, काय परत आलं याचा हिशोब अजून लोक लावतायत. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीची सूट २९ ऑगस्टपासून काढली, पैसे कोणी आणि कसे गोळा करायचे हे कोणालाच नीट माहिती नव्हतं, म्हणून आपल्या पोस्टाने २५ ऑगस्टपासूनच तिकडचं बुकिंग थांबवायला घेतलं. सुरू झालं १५ ऑक्टोबरला, ड्युटी इथेच आधी भरून. नरकचतुर्दशी २० तारखेला. म्हणजे फराळाच्या दृष्टीने सुरू झालं काय न झालं काय! अडकलेल्या पार्सलचा टपालखर्च परत मिळेल असं पोस्टाने जाहीर केलं होतं, ते चांगलंच केलं, पण आतल्या मालाचं काय? तो हरवलेला नाही, खराबही नाही, फक्त वेळ गेली. दिवाळी संपल्यावर पोहोचलेलं आकाशकंदिलाचं कापड आणि परकर-पोलकं, ते गिऱ्हाईक नको म्हणालं तर भरपाईच्या कुठल्याच खान्यात बसत नाही. तेव्हा मी ज्यांचं असं उशिरा पोहोचलं त्यांना थोडे पैसे परत दिले, काहींनी घेतले, काहींनी पुढच्या वर्षीसाठी ठेवा म्हणून सांगितलं.

त्या दोन महिन्यांत परत जुनी पद्धत जोरात सुरू झाली. महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपवर "मुंबईहून कोणी येतंय का, दीड किलो जागा असेल तर". इथे जोखीम कोणाची हा प्रश्नच कोणी विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही. पण असते बरं का. बॅग हरवली तर तुमच्या पैठणीचे पैसे तो बिचारा देणार का? बॅगेची भरपाई विमान कंपनी त्याला देते, तीही मर्यादेतच, त्यात त्याचे स्वतःचे कपडेही. कस्टमने उघडायला लावली तर उत्तरं तोच देणार, आत काय आहे ते त्याला माहितीही नसतं. आणि वर चार दिवसांनी तुमच्या बहिणीच्या नवऱ्याने तासभर गाडी चालवत जाऊन ते आणायचं. मी गिऱ्हाइकाचा माल अनोळखी माणसाबरोबर देत नाही, भले ऑर्डर गेली तरी चालेल.

आता माझ्याकडे कसं आहे ते सांगते. पोस्टाच्या मर्यादेत बसणारी वस्तू पोस्टाने, खरी किंमत लिहून, हरवली तर दुसरी पाठवते किंवा पैसे परत, तिकडच्या कायद्याची वाट न बघता. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरमध्ये थोडी रक्कम धरलेली आहे, ती मी वेगळ्या खात्यात ठेवते आणि आतापर्यंत ती पुरलीय. म्हणजे ज्यांचं पोहोचतं ते ज्यांचं हरवतं त्यांचे पैसे भरतात, विमा कंपनी यापेक्षा वेगळं काय करते. पैठणी थेट कंपनीच्या काउंटरवरून, किंमत जाहीर करून, सही घेऊनच डिलिव्हरी, आणि ते पैसे गिऱ्हाइकाला वेगळे दाखवते, नको असेल तर पैठणी नको. पत्ता चुकीचा दिला तर भुर्दंड गिऱ्हाइकाचा. ड्युटी भरायला नकार दिला आणि माल परत आला तरी त्यांचाच. यावर आजपर्यंत कोणी वाद घातलेला नाही.

वाद होतो तो "डिलिव्हर्ड" दिसतं आणि घरी काही नसतं तेव्हा. हे हल्ली फार वाढलंय. कुरिअरवाला दारात ठेवतो, फोटो काढतो, निघून जातो, मग ते चोराने उचललं, शेजाऱ्याने आत घेतलं, की मुळात दुसऱ्याच दारात ठेवलं? युरोपचा कायदा म्हणतो हातात पडलं पाहिजे, पेपॅल म्हणतं पत्त्यावर पोहोचल्याचा पुरावा बास, आणि मी मध्ये. लंडनच्या एका ताईंच्या खणाच्या पिशव्यांचं असंच झालं. मी कुरिअरने दिलेला फोटो त्यांना पाठवला, त्यांनी लगेच स्वतःच्या दाराचा फोटो काढून पाठवला. दाराचा रंग वेगळा, पायपुसणं वेगळं, नंबरची पाटीसुद्धा दुसऱ्या बाजूला. दोन्ही फोटो जोडून क्लेम टाकला आणि पहिल्यांदाच भाड्यासकट सगळे पैसे मिळाले, कारण चुकीच्या दारात दिलं हे त्यांच्याच फोटोत होतं. तेव्हापासून ऑर्डर घेताना मी पत्ता आणि पिनकोडबरोबर दाराचा एक फोटो मागते. लोकांना विचित्र वाटतं, एकीने तर विचारलं की ताई तुम्ही इंटिरियरचं पण करता का. वाटू दे.